एकोणतीस वर्षं बोटीवर काढलेल्या बाबांना पॅसेंजर म्हणून कॅरिबियन क्रूझवर नेलं, तो अनुभव

आमचे बाबा बोटीवर बेकर होते. वेंगुर्ल्याजवळचं आमचं गाव, तिथे 'घो बोटीवर असा' (नवरा बोटीवर आहे) म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही, सगळ्यांना माहीत असतं म्हणजे काय ते. १९७९ साली बाबा पहिल्यांदा साइन ऑन झाले ते गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, भांडी घासायला, मग हळूहळू बेकरीत गेले आणि २००८ ला गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा नाईट बेकर म्हणून शेवटचे साइन ऑफ झाले. इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या बोटी होत्या, हिवाळाभर कॅरिबियनमध्ये फिरायच्या. त्यामुळे बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिगा, ग्रेनेडा ही नावं आमच्या घरात कुडाळ-सावंतवाडीसारखी बोलली जायची. पण तिथे काय आहे हे बाबांना कधी सांगता यायचं नाही. मी लहानपणी विचारायचे, सेंट लुशिया कसं आहे हो, तर म्हणायचे धक्का आहे, धक्क्याच्या बाहेर दुकानं आहेत. नाईट बेकर म्हणजे रात्री आठला कामावर आणि सकाळी सात वाजता सुट्टी, पॅसेंजर उतरून बेटावर फिरायला जातात तेव्हा हा माणूस पाण्याच्या पातळीखालच्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये झोपलेला. एकोणतीस वर्षं समुद्रावर राहून त्यांनी समुद्र फार कमी बघितलाय.

दादा न्यूजर्सीत असतो. आईबाबा तिकडे जायचं ठरलं तेव्हा त्याने मला फोन करून सांगितलं की मी तिघांसाठी क्रूझ बुक करतोय, तू बँकेतून रजा काढ आणि दोघांबरोबर जा, आणि साधी नको, चांगली लक्झरीवाली करतोय, लहान बोट, सातशेच्या आसपास पॅसेंजर आणि पाचशेच्या वर क्रू. माणशी साधारण साडेचार हजार डॉलर पडले, सात रात्रींचे, त्यात जेवणखाण, ड्रिंक्स, वायफाय, टिप सगळं आलं, फक्त बेटांवरच्या काही सहली आणि विमान वेगळं. मार्ग असा होता की प्वेर्तो रिकोच्या सान हुआनहून निघायचं, मग सेंट मार्टिन, अँटिगा, सेंट लुशिया, बार्बाडोस, ग्रेनेडा, एक दिवस समुद्रात आणि परत सान हुआन. जानेवारी मुद्दाम निवडला, कारण १ जून ते ३० नोव्हेंबर तिकडे वादळांचा सीझन असतो आणि डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी असते.

व्हिसाबद्दल जरा नीट सांगते कारण मला बऱ्याच जणांनी तेच विचारलंय. सान हुआन अमेरिकेच्याच ताब्यात आहे, त्यामुळे नेवार्कहून तिकडे जायला डोमेस्टिक विमान, साधारण चार तास. पण बोट एकदा तिथून निघाली की आपण अमेरिकेबाहेर गेलो आणि आठव्या दिवशी परत आत येतोय, म्हणजे व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच लागतो, आणि मधल्या प्रत्येक बेटाचे नियम भारतीय पासपोर्टसाठी वेगवेगळे आहेत, ते बुकिंगच्या आधी कंपनीकडून लेखी मागवून घ्या, ईमेलवर. आम्ही घेतले. पिवळ्या तापाच्या लशीचंही बघा, आमच्या मार्गात त्रिनिदाद नव्हतं म्हणून प्रश्न आला नाही, पण असेल तर सर्टिफिकेट हवंच, नाहीतर परत भारतात उतरताना अडवतात. बाबांकडे त्यांचं जुनं पिवळं कार्ड होतंच, २०१६ पासून ते जन्मभर चालतं.

मुंबईला बीकेसीत इंटरव्ह्यू झाला. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये आधीच्या अमेरिकन व्हिसाची माहिती भरावी लागते आणि बाबांकडे तर सी-१/डी म्हणजे क्रूचे व्हिसे एकामागून एक, सगळे जुने पासपोर्ट रबरबँड लावून त्यांनी पिशवीत नेले होते. ऑफिसर बाईंनी ते चाळले आणि विचारलं की इतकी वर्षं तुम्ही जाऊन आलात, आता परत कशाला? बाबा म्हणाले, बघायला. एवढंच. मिळाला व्हिसा.

आता केबिन. दादाने सगळ्यात वरच्या मजल्यावरची, मोठ्या बाल्कनीची धरली होती. बाबांनी डेक प्लॅन मागवला, चष्मा लावून अर्धा तास बघितला आणि दादाला सांगितलं, ही नको. वर स्विमिंग पूल आहे, पहाटे पाचला खुर्च्या ओढतात, आणि जितकं वर जाशील तितकं हलतं. पुढच्या टोकालाही नको, तिथे नांगराच्या साखळीचा आवाज येतो. मधली घे, सहाव्या डेकवरची, जिच्या वर पण केबिन आणि खाली पण केबिन. दादाने बदलली, थोडे पैसेही वाचले. क्रूझ बुक करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, आणि विशेषतः घरात कोणाला गाडी लागत असेल तर.

इन्शुरन्स काढताना बाबांचं बीपी आणि आईची शुगर दोन्ही स्पष्ट लिहिली. प्रीमियम वाढला, वाढू दे. बोटीवर डॉक्टर असतो पण तो फुकट नसतो, आणि बेटावरून हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर तो खर्च आपल्यासारख्यांच्या आवाक्यातला नाहीच. औषधं मात्र हातातल्या बॅगेत ठेवायची. मोठ्या बॅगा धक्क्यावरच देऊन टाकायच्या असतात आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते.

सान हुआनला बोर्डिंगचं सगळं सोपं होतं, ऑनलाइन चेक-इन आणि फोटो आधीच केलेले, एक हेल्थचा फॉर्म, बॅगेचा एक्सरे, पासपोर्ट जमा करून घेतात आणि केबिनचं कार्ड देतात, तेच कार्ड उतरताना चढताना दाखवायचं. गँगवेवर, म्हणजे बोटीत चढायच्या पुलावर, पाय ठेवताना बाबा थांबले. मला वाटलं गुडघा दुखतोय. तर ते डावीकडे बघत होते, खाली पाण्याजवळ दुसरं एक छोटं दार उघडं होतं आणि तिथून पेट्या आत चालल्या होत्या. म्हणाले, मी कायम तिकडून चढलो.

आत आल्यावर एका मुलीने ट्रे पुढे केला, गार टॉवेल आणि शँपेन. आईने टॉवेल घेतला. बाबांनी त्या मुलीला आधी विचारलं की तुझं कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, आणि कितवा महिना चालू आहे. आठ महिन्यांचं, सहावा, ती म्हणाली. पुढच्या सात दिवसांत बाबांनी भेटलेल्या प्रत्येक क्रूला पहिला प्रश्न हाच विचारला, आणि प्रत्येकाचा चेहरा त्या प्रश्नाने बदलायचा, कारण पॅसेंजर हे विचारत नाहीत. ते विचारतात तू कुठल्या देशाचा.

मस्टर ड्रिल, म्हणजे संकटाच्या वेळी काय करायचं त्याची तालीम, आता सोपी झालीय, केबिनमधल्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा, सात छोटे भोंगे आणि एक मोठा ऐकायचा आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची. पण हे टाळू नका आणि लाइफ जॅकेट खरंच कपाटातून काढून बघा. बाबांनी आईला तीनदा घालायला लावलं, मला दोनदा.

संध्याकाळी बोट निघाली तेव्हा जुन्या सान हुआनच्या टोकावरचा एल मोरो किल्ला अगदी जवळून जातो, पिवळट तटबंदी, हिरवं मैदान, तिथे पतंग उडवणारी मुलं आपल्याला हात करतात. अख्खी बोट डेकवर होती. बाबा रेलिंगला धरून उभे, म्हणाले नाईटला लागायच्या आधी सेलअवेच्या वेळी, म्हणजे बोट निघताना, आम्ही डिनरचे रोल भट्टीत घालायचो, तेव्हा इंजिनाचा आवाज बदलला की कळायचं, निघालो.

पहिल्या सकाळी नाश्त्याला क्रोसाँ आला. बाबांनी तो लगेच खाल्ला नाही. आधी तळ बघितला, मग दोन बोटांनी मधोमध हळू फोडला आणि खिडकीच्या उजेडात धरला, आतली जाळी मधाच्या पोळ्यासारखी दिसत होती. मला म्हणाले, बघ, पिठाच्या मध्ये लोण्याचा थर, तीन घड्या, परत तीन, परत तीन, सत्तावीस थर होतात. पीठ आणि लोणी दोन्ही सारखंच घट्ट पाहिजे, लोणी कडक झालं तर तुटतं आणि मऊ झालं तर पिठात मुरतं, मग तो क्रोसाँ राहत नाही, पाव होतो. बाहेर तीस डिग्री, गॅलीत भट्ट्या पेटलेल्या, आणि तरी हे जमलंय. मग आईकडे वळून म्हणाले, "पोरान चांगला काम केल्यान. लोणी वितळाक देवक नाय." हे सांगताना त्यांना जो आनंद झाला होता तो मी फार वर्षांनी बघितला.

सेंट मार्टिन अर्धं डच, अर्धं फ्रेंच, १६४८ च्या तहाने वाटलेलं. लोक समुद्रकिनाऱ्यावर डोक्यावरून जाणारी विमानं बघायला जातात, आम्ही गेलो नाही. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर सिंधी लोकांची बरीच दुकानं आहेत, बाबांनी १९८६ ला टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेयर एकत्र) तिथेच घेतला होता, आमच्या घरी गणपतीत त्याच्यावर भजनं लागायची. दुकान सापडलं नाही, पण त्या गल्लीत चालताना त्यांना बरं वाटलं. अँटिगात नेल्सन्स डॉकयार्ड बघितलं, २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहे, दगडी गोदामं आणि जुन्या बोटी दुरुस्त करायची जागा, गाईड पूर्ण वेळ व्हिव रिचर्ड्सबद्दल बोलत होता आणि बाबा त्याला प्रश्न विचारत होते. छान होतं, फार काही सांगण्यासारखं नाही.

डिनरला आम्हाला वाढायला जो मुलगा होता त्याच्या नावावरून बाबांनी ओळखलं आणि थेट विचारलं, "खयचो रे तू?" तो एक क्षण तसाच उभा. "कुडाळचो, काका." बस्स, मग काय. तो रोज आईसाठी किचनमध्ये सांगून साधा डाळभात आणायचा, मेनूत नव्हता, पण लहान बोटींवर एक दिवस आधी सांगितलं तर करून देतात. आई सोमवारी मासे खात नाही हेही त्याने लक्षात ठेवलं. बाबा त्याला कधी थांबवून ठेवायचे नाहीत. दोन वाक्यं बोलायचे आणि म्हणायचे, जा, तुझं दुसरं टेबल बघतंय. मी विचारलं की अजून गप्पा मारा ना, तर म्हणाले त्याला बोलायला आवडतं पण वर सुपरवायझर उभा आहे, पॅसेंजरने बोलत ठेवलं तरी उशीर त्याच्याच नावावर लागतो. हे मला कधीच सुचलं नसतं.

सेंट लुशियाला सकाळी कास्ट्रीझला लागलो. आम्ही टॅक्सी करून सूफ्रिएरपर्यंत गेलो, रस्ता आंबोली घाटासारखा वळणांचा, फणसाच्या जातीची ब्रेडफ्रूटची झाडं, म्हणजे आपला नीरफणस, केळीच्या बागा. आई सारखी म्हणत होती ह्या तर आपलाच. गंधकाचे झरे बघितले, करड्या चिखलाचं पाणी खदखदतंय आणि वास असा की आईने पदर नाकाला लावला तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही. पण सेंट लुशियाचं खरं काय ते संध्याकाळी झालं. साडेचारला बोट निघाली आणि कॅप्टनने सांगितलं की आपण पिटॉन्सच्या जवळून जाणार आहोत, डाव्या बाजूला या. ग्रो पिटॉन आणि पेटी पिटॉन, समुद्रातून सरळ वर आलेले दोन सुळके, ज्वालामुखीने बनलेले, २००४ पासून जागतिक वारसा. मी फोटो बघितले होते, पण सहाच्या सुमाराला सूर्य आपल्या पाठीशी मावळतो आणि तो सगळा उजेड त्या दोन सुळक्यांवर पडतो, पायथ्याची झाडी काळी आणि वरची टोकं तांबडी, आणि बोट अगदी हळू झालेली, कोणी बोलत नव्हतं. बाबांनी कॅप काढून हातात घेतली होती. ते म्हणाले, "ह्या माका म्हायतच नव्हता." शंभरेक वेळा तरी ते ह्या दोन डोंगरांसमोरून गेले असतील, सहा वाजता, रोज कामावर जायच्या आधीची शेवटची झोप काढत, पाच-सहा मजले खाली. आईने त्यांचा दंड धरला होता. बोट पुढे वळली तरी आम्ही तिथेच होतो, अंधार पडेपर्यंत.

त्या रात्री आईला बोट लागली. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की बार्बाडोसला जाताना बोट नाचणार, कारण बाकीची बेटं एका ओळीत आहेत आणि बार्बाडोस एकटंच पूर्वेला बाहेर अटलांटिकमध्ये बसलंय, वारा आणि लाट दोन्ही समोरून. बोटीला स्टॅबिलायझर असतात पण त्याने बाजूबाजूचं डोलणं कमी होतं, पुढचं तोंड वरखाली होतं ते थांबत नाही. बाबांनी रूम सर्व्हिसला फोन करून हिरवी सफरचंदं आणि साधी खारी बिस्किटं मागवली, क्रूचा हाच उपाय असतो म्हणाले, पोट रिकामं ठेवायचं नाही. थोडं आलं चघळायला दिलं, आडवं झोपवलं, आणि रात्रभर खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांच्या सवयीने रात्री जागणं त्यांना जड जात नाही. मला पहाटे जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते, आई झोपली होती आणि बाबा बाल्कनीचं दार थोडं उघडून उभे होते, म्हणाले आता पहिली बॅच भट्टीत गेली असेल.

बार्बाडोससाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं.

ब्रिजटाउनच्या धक्क्यावरून बाबा महिन्यातून एकदा घरी फोन करायचे. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या खोतांकडे पीपी नंबर. बार्बाडोसला सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात. म्हणजे रात्रभर काम करून, सातला सुटून, झोपायचं सोडून रांगेत उभं राहायचं, क्रूची सगळी रांग, सगळ्यांच्या हातात फोनकार्ड, आणि मागचा माणूस घड्याळ बघत असतो. आई इकडे पावणेसातलाच दिवाबत्ती करून, आम्हा दोघांना घेऊन खोतांच्या पडवीत जाऊन बसायची. कधी लाइन लागायची, कधी नाही लागायची. आठ वाजले की आई उठायची आणि म्हणायची चला, आज बोट दुसरीकडे गेली असेल. मला ती पडवी, तो काळा फोन, त्याच्यावर घातलेला क्रोशाचा रुमाल सगळं आठवतंय, आणि आईने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलेला.

टर्मिनलमध्ये आता फोनबूथ नाहीत. सगळ्यांच्या हातात मोबाइल, क्रूची मुलं भिंतीला टेकून बसतात आणि घरच्यांना व्हिडिओ कॉल करतात. बाबा आत शिरले, इकडेतिकडे बघितलं, एकदा मागे गेले, परत आले आणि एका खांबाजवळ उभे राहिले. बरंच बदललंय म्हणाले, पण दार तिथे होतं आणि त्या दारातून ऊन यायचं, म्हणजे इथेच. आईला म्हणाले, "हयसर उभो रवान फोन करी होतंय."

आई तिथे जाऊन उभी राहिली, त्यांच्या शेजारी नाही, त्यांना जरा बाजूला करून बरोबर त्याच जागेवर. दरवाज्याकडे बघितलं, खाली फरशीकडे बघितलं. "इतक्या लांबसून," ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "माका वाटायचा तुमी खोलीत बसान फोन करतास." एवढी वर्षं तिच्या डोळ्यासमोर एक खोली होती, टेबल होतं, खुर्ची होती. रांगेचं बाबांनी कधी सांगितलंच नव्हतं. मी तिथून तिच्या मोबाइलवर फोन लावला, रोमिंगचे पैसे लागले, लागू दे. आई माझ्यापासून चार हातांवर होती, तिने फोन उचलला आणि बाबांच्या हातात दिला नाही, माझा फोन बाबांकडे द्यायला लावला. तिथे दोघं एकमेकांसमोर उभं राहून फोनवर बोलले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी लांब जाऊन उभी राहिले.

नंतर केन्सिंग्टन ओव्हलला गेलो, धक्क्यापासून जवळ आहे. बाबांची पिढी १९७१ वाली, वाडेकरांच्या टीमने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली ती, ह्याच ग्राउंडवर सरदेसाईंनी १५० मारले आणि गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७. आणि माझ्यासाठी २९ जून २०२४, वर्ल्ड कपची फायनल, सात रनांनी. बाहेर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे, बाबांनी त्याच्या पायाला हात लावून नमस्कार केला. दुपारी उडणारा मासा आणि कूकू खाल्लं, कूकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेलं, आईचं मत असं की मासा चांगला आहे पण त्याला कोकमाचं आगळ पाहिजे होतं.

ग्रेनेडा आईचं. आमच्या वाडीत नारळाखाली जायफळाची चार झाडं आहेत आणि ती तिची. ग्रेनेडाच्या झेंड्यावरच जायफळ आहे, आणि गूयाव्ह नावाच्या गावात जायफळाचं जुनं प्रोसेसिंग स्टेशन आहे, लाकडी माळे, त्यावर जायफळं पसरून ठेवलेली, बायका बसून निवडतात. पाण्यात टाकतात, बुडतं ते चांगलं, तरंगतं ते तेलाला वगैरे. आई एका बाईच्या शेजारी जाऊन बसली, इंग्रजी तिला येत नाही, तिने फक्त दोन जायफळं उचलली, कानाजवळ खुळखुळवली, एक बाजूला ठेवलं. ती बाई हसली आणि तिने मान हलवली, बरोबर. मग गाईडमार्फत आईने विचारलं की नर झाडांचं तुम्ही काय करता, कारण जायफळाचं झाड नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही आणि तोवर पाच-सात वर्षं गेलेली असतात, आम्ही तर कलमंच लावतो. त्या बाईने सांगितलं की २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन वादळ आलं त्यात तिची बहुतेक झाडं पडली आणि परत लावलेल्यांतली कितीतरी नर निघाली. आईने हे ऐकून तिचा हात धरला. आमच्याकडेही वादळात झाडं पडलेली आहेत, पंधरा वर्षांचं झाड आडवं झालेलं बघणं काय असतं ते तिला कोणी सांगायला नको. तिने तिथून जायफळ आणि जायपत्रीची पाकिटं घेतली. परतताना फॉर्मवर लिहून डिक्लेअर केली, आणि सान हुआनच्या विमानतळावर शेतमालाची वेगळी तपासणी असते त्यातूनही वाळवलेली म्हणून सुटली, ताजं फळ असतं तर काढून घेतलं असतं.

शेवटचा पूर्ण दिवस समुद्रात. त्या दिवशी गॅली टूर असते, नाव द्यावं लागतं, बाबांनी पहिल्याच दिवशी दिलं होतं. पंधरा-वीस माणसं होतो. दारात हात सॅनिटाइझ केले आणि शेफने पुढे घेतलं, सगळं स्टीलचं, जमिनीवर एक थेंब नाही. बाबा प्रत्येक गोष्ट बघत होते, फ्रिजच्या दारावरचे तापमानाचे कागद, तीन रंगांच्या बादल्या, भिंतीवरचे तारखांचे स्टिकर. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या बोटींची न सांगता तपासणी होते, शंभरपैकी ८६ च्या खाली गेलं की नापास, क्रूमध्ये तिला यूएसपीएच म्हणतात आणि ही चार अक्षरं ऐकली की रात्रीची झोप उडते असं बाबा सांगायचे. बेकरीच्या कोपऱ्यात आलो, पीठ लाटायचं मशीन, पीठ फुगवायचं कपाट म्हणजे प्रूफर, भट्टी, आणि एका ट्रेवर झाकून ठेवलेलं पीठ. शेफ सगळ्यांना सांगत होता, बाबांनी मागून विचारलं की पीठ रात्रभर थंड ठेवता की त्याच रात्री करता. शेफने थांबून बघितलं. तुम्ही बेकर आहात? बाबांनी सांगितलं, नाईट बेकर, एकोणतीस वर्षं. मग शेफ बाकीच्यांना सोडून त्यांच्याशीच बोलायला लागला, आणि शेवटी झाकण उघडून म्हणाला, हात लावून बघा.

बाबांचे हात पाठीमागे बांधलेले होते, टूरभर तसेच होते. ते म्हणाले, नो शेफ, थँक यू, आय ॲम इन माय आउटसाइड शूज. वाकले, वास घेतला, आणि म्हणाले, गुड.

उतरायची रीत अशी की आदल्या रात्री बॅगा रंगीत टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या, सकाळचे कपडे आणि औषधं मात्र हातात ठेवायची हे विसरू नका, आणि मग रंगाप्रमाणे बोलावतात. पासपोर्ट परत मिळतात, इमिग्रेशन होतं. आम्ही सहा वाजताच शेवटच्या नाश्त्याला जाऊन बसलो. कुडाळचा मुलगा चहा घेऊन आला, बाबांनी त्याला घरचा नंबर दिला, सुट्टीत आलास की ये म्हणाले.

सातला एक जण टेबलाजवळ आला, स्वच्छ पांढरा कोट, पण केसांवर कडेला पीठ राहिलेलं. इंडोनेशियाचा, नाईट बेकर. शेफने त्याला सांगितलं होतं. बाबा उभे राहिले. दोघं भट्टीबद्दल बोलले, कुठल्या कोपऱ्यात जास्त तापते त्याबद्दल, त्याला घरी दोन मुली आहेत त्याबद्दल. बाबांनी विचारलं, कितवा महिना? चौथा, तो म्हणाला. पाचेक मिनिटं झाली असतील, बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडला.

"जा, झोप," ते त्याला इंग्रजीतून म्हणाले, "आज टर्नअराउंड आहे. दुपारपर्यंत नवीन लोक येतील."